लाईन संपते तिथपर्यंत

आमच्या निफाडकडं 'लाईन' हा शब्द इतका घरचा झालाय की तो इंग्रजीतून आला असं सांगितलं तर लोक हसतील. लाईट गेली की लाईन गेली. द्राक्षाच्या झाडांच्या रांगा त्या लाईनी. पोरगं कामाधंद्याला लागलं की लाईनीला लागलं, आणि स्टँडवर पोरीकडं बघून केस सारखे करायला लागलं की लाईन मारतंय. माझं तर लग्नच लाईनीतून जमलं. माझ्या बापानं मध्यस्थाला विचारलं, "पोरगं कोणत्या लाईनीत हाय?" तो म्हणला, "लाईनीतच हाय." पोरगं वीज खात्यात लाईनमन होतं. बापाला वाटलं मध्यस्थ चेष्टा करतोय, म्हणून त्याला दुसरा चहा विचारला नाय.

हे सगळं मी फोनमध्ये बोलते, फोन लिहितो, आणि रूपाली, माझी सून, नंतर नीट करते. 'नाय'चं 'नाही' करू का, असं विचारत होती. म्हणलं, कर, आणि जमलं तर सासू पण बदलून घे.

तर लाईनमन. लोक त्यांना वायरमनच म्हणायचे. नवीन लग्न झालं तेव्हा हे आमच्याच भागात होते. काम झालं, खांबावरून खाली उतरले, की लाईन एकदा चालू करून बंद करायचे आणि परत चालू करायचे. घरातला बल्ब दोनदा डोळा मारायचा. म्हणजे मी धड खाली आलोय, भाकरी टाक. अख्ख्या गावाचे बल्ब मिचकायचे, पण निरोप मला एकटीला असायचा. ह्या गोष्टीचा मला तेव्हा लय माज होता.

पुढं त्यांची बदली पेठकडं झाली, डोंगरात. शनिवारी घरी यायचे, सोमवारी पहाटे परत. तिकडच्या शेवटच्या पाड्यापर्यंत लाईन ओढली त्यात हे होते, आणि नंतर ती सांभाळायला पण हेच. तिथल्या एका म्हातारीकडं जेवायचे, तिला मावशी म्हणायचे. "तुला एकदा घेऊन जायचंय मावशीकडं," हे मी इतक्यांदा ऐकलं की भांडी घासताना त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची. एकदा तर हिरवी साडी नेसून, डबा भरून, मी दारात चपला घालून उभी होते. तेवढ्यात फोन आला. वाऱ्यानं तारा तुटल्या होत्या. लाईन गेली आणि आमचं जाणं राहिलं. रिटायर झाल्यावर निवांत जाऊ, म्हणले. रिटायर झाले, आणि दुसऱ्याच हिवाळ्यात अंगणात खुर्चीवर ऊन खात बसले ते उठलेच नाय. त्याला आता तीन वर्षं होतील.

मग मावशीकडं आत्ताच कशी गेले? ह्या दिवाळीनंतर शेजारच्या बागेत पेठकडच्या बाया कामाला आल्या. मी त्यांना चहा नेऊन देते आणि चहाच्या बदल्यात त्यांच्या खोड्या काढते. त्यातली सुमन नावाची एक आपली लाईन संपवून बांधावर बसली होती. बोलता बोलता तिनं पाड्याचं नाव घेतलं. मी म्हणलं, आमचे मालक तिथं वायरमन होते. तिनं कप खाली ठेवला.

"मंग तुम्हीच का त्या? माझी आजी तुमची ओटी घेऊन बसलीय."

"कसली ओटी?"

"वायरमन म्हणायचे, बायकोला आणतो. आजी म्हणली, सून पयल्यांदा घरी यायची ती रिकामी जायची नाय. खण, नारळ, तांदूळ काढून ठेवलाय. दर दिवाळीला नारळ बदलते. जुना फोडून आम्हाला देती, नवीन ठेवती."

मी तिला सांगितलं की वायरमन गेले. तिला माहीतच नव्हतं. म्हणली, "फोन लागला तरी कशी सांगू? आजीला ऐकूच येत नाय. तुम्हीच जा. पण आता ओटी…" मला कळलं. ओटी सवाष्णीची भरतात.

आठ दिवस मी डोक्यात घोळवलं. नाय गेले तर म्हातारी नारळ बदलत राहणार, गेले तर तिला सांगावं लागणार. शेवटी रूपालीला म्हणलं, चल. ती म्हणली, "आई, मला कशाला?" म्हणलं, "फोटो काढायला. माझ्या बरोबरीच्या बायांना कॅमेरा दिला की त्या आपलाच अंगठा काढतात."

पहिला मुक्काम देवळाली कॅम्पला, बहिणीकडं. निफाडहून नाशिक रोड आणि तिथून कॅम्प. बस मिळते, आणि आम्हा बायांना तिकीट अर्धंच आहे, त्यामुळं कंडक्टरशी सुट्ट्यावरून घातलेला वाद पण अर्ध्यातच संपतो. आमच्या शांताचा नवरा मिलिटरीतला, आता रिटायर. तो भाजी आणायला पण लाईनीत चालतो. कॅम्पच्या बाजारात चक्कर मारा, स्वेटर बरे मिळतात. पेठकडं सकाळी थंडी असते, मी तिथंच एक घेतला.

रात्री जेवताना शांताला ओटीचं सांगितलं. ती पटकन म्हणली, "सांगूच नको. टिकली तर लावतेसच तू. गप बस पाटावर, भरून घे. म्हातारीला बरं वाटंल."

"आणि हे कुठायत विचारलं तर?"

"म्हणायचं, कामावर हायत. तशी पण तू काय खरं बोलून मोठी झालीस?"

हे मात्र तिचं बरोबर होतं. झोपताना मी ठरवलं, शांता म्हणती तसंच करायचं.

सकाळी नाशिकला येऊन स्टँडजवळ मिसळ खाल्ली आणि पेठची बस धरली. खिडकी डाव्या हाताची घ्या. सावळ घाटात डाव्या बाजूला मला खाली दरी दिसली आणि रूपालीला उलटी आली. लिंबू, आलं, काय असेल ते जवळ ठेवा. पेठपर्यंत रस्ता चांगला आहे. आमच्या पुढच्या सीटवर कॉलेजचं एक पोरगं, मधी दप्तर, आणि एक पोरगी बसलेली. अर्धा घाट झाला तरी पोराचं तोंड उघडंना. मी मागून म्हणलं, "बाळा, लाईन मारायची तर मार लवकर, पेठ आलं." पोरगी हसली, पोरगं लाल झालं, आणि रूपालीनं मला चिमटा काढला. उतरताना त्या पोरीचं दप्तर त्याच्या खांद्यावर होतं. माझं काम मी केलं.

पेठच्या पुढं काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाय, म्हणून पाणी आणि खायला पेठलाच घ्या, पुढं हॉटेल नाय. जीपवाल्याला लाईनीचा शेवटचा पाडा म्हणा, तो पाड्याच्या खाली सोडतो. वर चालत अर्धा तास धरा, माझ्यासारखीला जास्त. फोनची लाईन तिथून लागत नाय. पण वाट चुकायची भीती नाय. खांब दिसतात, त्यांच्या कडंनं वर जायचं.

दर खांबावर काळ्या रंगानं नंबर टाकलेला. चौथ्या-पाचव्या खांबाला मी थांबले. पाचाला खाली शेपूट. हे पाच असंच काढायचे, किराणाच्या यादीत, कॅलेंडरवर, पोरांच्या वह्यांवर. रूपालीला दाखवलं. तिनं मला खांबाजवळ उभं केलं आणि फोटो काढला. फोटो खाली टाकलाय. त्यातला बारीक तो खांब.

पाड्यात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. बाकीच्या घरांना कुलपं, सगळे आमच्याकडं बागांवर. मावशी अंगणात उन्हात सूप घेऊन बसलेली. मी पुढं जाऊन कानाशी ओरडले, "मी निफाडची. वायरमनची बायको."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं, वाटेकडं. मग हसली. तोंडात दोन दात. "आलीस? लय उशीर केला तू," म्हणली. ह्या भागात म्हातारी माणसं साहेबाला पण अरे-तुरे करतात, मी तर सून. मला हाताला धरून ओट्यावर बसवलं, खाली घोंगडी टाकली, आणि आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली ती सूप भरूनच. हिरवा खण, घडीवर पांढरा पडलेला. नारळ मात्र नवा. तांदूळ. कुंकवाची डबी.

"तो कुठाय?" कुंकवात बोट बुडवत तिनं विचारलं. "मागं राहिला का? खांब बघत बसला असंल."

शांतानं शिकवलेलं मला पाठ होतं. कामावर हायत. एवढंच म्हणायचं होतं. मावशीचं बोट माझ्या कपाळाजवळ आलं, आणि माझ्या हातानं तिचं मनगट धरलं. मला विचारलं पण नाय त्या हातानं.

असली बातमी हळू आवाजात सांगायची असते. मला ओरडून सांगावी लागली. "मावशी, ते वारले. तीन वर्षं झाली." पहिल्यांदा तिला ऐकू गेलं नाय, म्हणून मी परत ओरडले. पलीकडच्या घरातला म्हातारा काठी टेकत दारात आला. माझ्या स्वतःच्या घरी मी हे इतक्या मोठ्यानं कधी म्हणले नव्हते.

मावशी रडली नाय. बोट तसंच धरून बसली, लाल. ते पुसावं कुठं हे तिला समजंना. मग तिनं रूपालीकडं बघितलं.

"ही कोण?"

"माझी सून."

"हिचा नवरा हाय?"

"हाय."

"मंग हिला बसव."

मी उठले. रूपाली माझ्याकडं बघत होती, नको म्हणावं का हो म्हणावं ते तिला कळत नव्हतं. मी मान हलवली. ती बसली, पदर पुढं घेतला, आणि मावशीनं ते कुंकू तिला लावलं. खण, नारळ, ओंजळीनं तांदूळ, सगळं तिच्या ओटीत गेलं. मी बाजूला उभी राहून बघितलं. माझ्या नावानं ठेवलेली ओटी, पण मी तिला हात लावू शकत नव्हते. शांतानं सांगितलेलं ऐकलं असतं तर ती माझ्या पदरात असती, आणि मला रात्री झोप लागली नसती. कुठलं बरं, हे मला अजून सांगता येत नाय.

मावशी परत आत गेली आणि तांदळाचं आणखी एक माप घेऊन आली. "पिशवी हाय का?" म्हणली. "तुला ओटीत नाय घालत. पिशवीत घे. भात तोच हाय." मी पिशवी धरली. त्यात तिनं ओतला, आणि खाली सांडलेले दाणे एकेक वेचून आत टाकले.

नंतर चूल पेटवली. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर, उडदाची डाळ आणि लाल चटणी. पैसे विचारायला जाऊ नका कोणी, रागावते. जाताना साखर, चहा पावडर, तेल असं काही न्या. भाकर थापताना ती म्हणली, "तो लाईन चालू करायचा ना, तवा ह्यो बल्ब दोनदा मिचकायचा. मंग मी तवा ठेवायची. मला कळायचं, पोरगा खाली आला."

मी भाकरीचा घास तसाच धरून बसले. म्हणजे माझा निरोप इकडं पण येत होता. जरा वेळ मला रागच आला, मेलेल्या माणसाचा येतो तसला, फुकटचा. मग तिच्या कानाशी जाऊन म्हणलं, "मावशी, म्हणजे आमचे मालक तुमच्यावर लाईन मारत होते की."

तिला हे मात्र पहिल्याच खेपेला ऐकू गेलं. पिठाच्या हातानं तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि हसता हसता रडायला लागली. मग आम्ही दोघी रडलो. रूपाली भाकर उलटायला विसरली, ती करपली, आणि तीच मी खाल्ली.

परतायला पेठहून दुपारची बस धरा, संध्याकाळी गर्दी असते. शांताकडं थांबलो नाय. तिला सांगावं लागलं असतं.

पिशवीतला तांदूळ घरी शिजवला. वास गल्लीपर्यंत गेला. रूपालीनं खण शिवायला टाकला नाय. माझ्या कपाटात ठेवून दिला, मला न विचारता, आणि मी पण विचारलं नाय. दुसऱ्या दिवशी सुमन बागेत भेटली. "भरली का ओटी?" म्हणली. मी म्हणलं, भरली, सुनेची. ती परत लाईनीत गेली, कामाला लागली.

मला राहून राहून वाटतं ते नारळाचं. मी गेले नसते तर पुढच्या दिवाळीला मावशीनं परत नवा नारळ आणला असता. तिच्या लेखी हे कुठंतरी खांबावर होते, आणि मी घरी चपला घालून तयार होते. आता तिची पेटी रिकामी आहे. तुम्हाला जायचं असेल तर रस्ता, बस, जीप सगळं वर सांगितलंय. भात कापून झाल्यावर जा, तेव्हा डोंगर बघण्यासारखा असतो. दोघं असाल तर दोघं जा. कोणाचा फोन आला तर उचलू नका.

परवा संध्याकाळी आमच्याकडं लाईन गेली. आली, परत गेली, परत आली. कोणीतरी नवीन पोरगं असंल खांबावर. मी टीव्हीसमोर बसले होते. रूपाली आतून म्हणली, "आई, भाकरी टाकू का?"

म्हणलं, टाक.