वाकड्या तोंडाचं गाऱ्हाणं

डॉक्टरांनी मला भुवया वर करायला सांगितल्या. उजवी गेली, डावी जागची हलली नाही. मग डोळे घट्ट मिटायला सांगितले, तर डावा उघडाच राहिला. गाल फुगवायला गेले तर हवा डाव्या कोपऱ्यातून फुस्स करून निघून गेली. रत्नागिरीच्या सरकारी इस्पितळात हे चाललं असताना माझी थोरली जाऊ शेजारी उभी होती.

"बेल्स पाल्सी," डॉक्टर म्हणाले. "चेहरा हलवणाऱ्या नसेला सूज आली आहे. हा पक्षाघात नव्हे. पक्षाघातात कपाळ बहुधा हलतं, तुमचं डावीकडचं कपाळही हलत नाही. बहुतेकांचा चेहरा परत येतो, पण धीर धरावा लागतो."

"कशामुळे झालं?" मी विचारलं.

"नक्की कारण सांगता येत नाही."

ते खरं तेच बोलले. पण माझ्या जावेने नेमकं तेवढंच वाक्य पदरात बांधून घरी आणलं.

सकाळी चूळ भरताना पाणी ओठातून छातीवर सांडलं, तेव्हाच खरं तर मला काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं. चहा बेचव लागत होता, डावा डोळा चुरचुरत होता. वारं लागलं असेल म्हणून मी शेक घेत बसले. तुम्ही तसं करू नका. तोंड वाकडं झालं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. स्टेरॉइड म्हणजे सूज उतरवणारं जोरकस औषध, ते मनानेच बंद करायचं नसतं. डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी. साखर आणि रक्तदाब तपासले, दोन्ही ठीक निघाले. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बायका माझ्याकडे बघून आपापल्या पोरांना जवळ ओढायच्या. एसटीत तर मी पदर तोंडावर घेऊनच बसायचे.

ते सगळं मी सोसलं असतं. जाऊ सोसवली नाही.

आमची घरं एका भिंतीची, चुली वेगळ्या, पुढचं अंगण, म्हणजे खळं, मात्र एकच. माझे यजमान मुंबईला नोकरीला. जाऊबाईंना प्रवचनांचा भारी नाद आणि तिथले शब्द त्या घरी येऊन दुसऱ्यांवर वापरायच्या. "डॉक्टरला कारण मिळत नाय, म्हंजे कारण आत हाय," त्या म्हणाल्या. "आत्मपरीक्षण कर गो. देव उगाच कुणाचं तोंड फिरवत नाय." दुसऱ्या दिवशी आत्मचिंतन, तिसऱ्या दिवशी अंतर्मुख हो. आठवड्याभरात वाडीतल्या बायका मला "काय झालं?" असं विचारायच्या बंद झाल्या आणि "काय केलंस?" असं विचारू लागल्या.

लाज वाटते सांगायला, पण मी खरंच आत बघू लागले. अंथरुणावर पडून सगळं आयुष्य उलटंपालटं केलं. कुणाला काय बोलले, कुणाचं काय राहिलं, कुठला नवस विसरले. आजारी माणसाला असल्या कामाला जुंपणं हे पाप आहे, असं मला आजही वाटतं.

पुढे फिजिओथेरपी सुरू झाली. म्हणजे स्नायूंचे व्यायाम. गालाला विजेचे बारीक झटके द्यायचे आणि घरी आरशासमोर बसून ए, ई, ओ, ऊ म्हणायचं. आरशात एक बाई दिसायची, ती मी नव्हे असं वाटायचं. अर्धी माझी, अर्धी कुणा परकीची. कितीतरी दिवस गाल दगडासारखा. एके दुपारी भिंतीपलीकडून जाऊबाई कुणाला तरी सांगताना ऐकू आल्या, "यंदा शिमग्यात तिच्या घरची देवीची ओटी मीच भरीन हो. देवीपुढं असलं तोंड नको." मला असा संताप आला की ओठाचा डावा कोपरा थरथरला. मी आरशात पाहिलं. पुन्हा त्यांचं वाक्य आठवलं. पुन्हा थरथरला.

तेव्हा मी स्वतःला ओळखलं. आत पाप नव्हतं, राग होता, आणि तो चांगला धडधाकट होता. त्या दिवसापासून मी व्यायाम बरं होण्यासाठी केले नाहीत. शिमग्यात माझ्या घरची ओटी मीच भरायची आणि हिला धडा शिकवायचा, एवढ्यासाठी केले.

शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. घरची सवाष्ण ओटी भरते आणि पालखीचे मानकरी तिच्या वतीने मोठ्याने देवीला गाऱ्हाणं घालतात. त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळी मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणतात. यजमान मुंबईहून आले होते. पालखी खळ्यात टेकली. जाऊबाईंनी आपल्या घरची ओटी भरली आणि माझं ओटीचं सूप उचलायला हात पुढे केला. मी तो बाजूला सारला. तोंड अजून थोडं वाकडं होतं, तसंच घेऊन मी खण-नारळ वाहिला.

मानकरी काका वाकले. "काय सांगू गो आईला?"

मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पण घरधनीण सांगेल ते बोलणं हा त्यांचा धर्म.

"हे आई, ह्या तुझ्या लेकीची ओटी मान्य करून घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हिचं दुखणं मुळापासून ने, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि जे कोण हिच्या दुखण्यात पाप शोधत आसतील, त्यांना त्यांची सोताची पापं एकेक करून आठवू देत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळं खळं म्हणालं. जाऊबाईंचा आवाज सगळ्यात चढा होता. सवयीने म्हणून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरताना मी पोटभर पाहिला. सूड घेऊन समाधान मिळत नाही असं शहाणे लोक म्हणतात. मला मिळालं.

पावसाळ्याच्या तोंडाला माझा चेहरा पुरता सरळ झाला. त्या डॉक्टरांची मी जन्मभर ऋणी आहे. ज्यांना हा आजार होईल त्यांना माझं सांगणं एवढंच, की औषध वेळेवर घ्या, डोळा जपा, आणि कुणी आत बघायला सांगितलं तर त्यालाच आधी बघू द्या.

जाऊबाईंनी प्रवचनाला जाणं सोडलं होतं. माझ्याशी बोलणंही. एकदा विहिरीवर आम्ही दोघीच असताना त्या जवळ आल्या. रया गेली होती. खाली बघत हळूच म्हणाल्या, "तुला काय काय ठाऊक हाय गो?"

मला काहीच ठाऊक नव्हतं.

"सगळं," मी म्हटलं, आणि कळशी उचलून घरी आले.