पितराचं ताट

माझे पती फाल्गुनात गेले, जळगावच्या दवाखान्यात. संध्याकाळी भडगावला गिरणेकाठी त्यांना अग्नी दिला.

दहाव्याला आलेल्या एका शेतकऱ्याने माझ्यापुढे एक ताटली ठेवली. शेणखताच्या खड्ड्यातून काढलेली. वर्षभर पुरूनही तिचा काठ शाबूत होता. मागचा छापही वाचता येत होता : ‘केळीच्या खोडापासून. मातीत मिसळते.’

‘‘गेलेल्या माणसाला बोलू नये,’’ तो म्हणाला, ‘‘पन भाऊनी आम्हले फसाडं.’’

ती ताटली माझ्या पतींनी केलेली नव्हती. ते आणि त्यांचा मित्र घड कापल्यावर बांधावर कुजणाऱ्या खोडांची सोपटं आणायचे, वाळवायचे आणि गरम साच्यात दाबून ताटल्या करायचे. पावसाळ्यात ताटल्यांना बुरशी यायची. मित्र कंटाळला. वेगळा होऊन त्याने नरडाण्याला शेड घेतली आणि कागदावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवून वर केळीचा रंग छापू लागला. छाप मात्र जुनाच ठेवला. त्यातली ओळ माझ्या पतींनी लिहिलेली. त्यांना सगळं ठाऊक होतं. ‘‘कळेल लोकांना,’’ एवढंच म्हणायचे. लोकांना भलतंच कळलं होतं.

मी शाळेत शिकवते. मला भांडता येत नाही, वाट पाहता येते.

आमच्याकडे माणूस गेला की दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या जागी कुणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवतात. त्याने खाल्लं की गेलेल्याला पोचतं. मी त्या मित्राला बोलावलं. या आवतणाला नाही म्हणत नाहीत. तो आला, पाटावर बसला. भाऊबंद भिंतीला टेकून बसले होते. मी त्याच्यापुढे त्याचीच ताटली मांडली.

तो हसला. ‘‘वहिनी, माझाच माल? फुकटची जाहिरात झाली की.’’

‘‘केळीचीच ना, भाऊ?’’

‘‘शंभर टक्के. गायीने खाल्ली तरी पचेल.’’

चुलीपुढे आगारीचे निखारे होते. पितरांच्या नावाने त्यांवर तूप आणि घास टाकून झाला होता. त्यातला एक निखारा मी चिमट्याने उचलला आणि त्या ताटलीत ठेवला. पापुद्रा आक्रसला, काळा पडला, चिमट्याला त्याची तार लोंबली. वास माजघरभर पसरला.

‘‘आरे, हाई ते पन्नी शे!’’ भिंतीकडून कुणीतरी म्हणालं.

‘‘गायले कसाले? आते तूच खा, शेठ!’’

तो उठला. पुरणपोळी वाढायची राहिलीच होती. दारात त्याला चप्पल सापडेना. मी शोधून दिली नाही.

सगळे गेल्यावर थोरल्या नणंदेने माझ्याकडे पाहिलं. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. ‘‘तू त्यानं नाक कापं. पन मन्हा भाऊ उपाशी उठी गया.’’

हे मला निखारा उचलतानाच माहीत होतं.

लग्नसराई चालू होती. गोष्ट त्याचा माल घेणाऱ्या धुळ्याच्या मंगल कार्यालयांपर्यंत पोचायला आठवडाही लागला नाही. दिवाळीपर्यंत नरडाण्याच्या शेडला कुलूप लागलं. मी एका रविवारी बसने जाऊन ते पाहून आले. बराच वेळ उभी राहिले. बरं वाटलं.

तो शेतकरी परत आला होता. ‘‘भाऊनं नाव मी उगाच खराब करं,’’ म्हणाला आणि चहा न घेता गेला.

आता पुन्हा आखाजी आली आहे. माझ्या घरी पितर म्हणून बसायला गावातून अजून कुणी हो म्हटलेलं नाही.