नाखवाचे चौसष्ट ठोके

"पोटात यंत्र असलेला माणूस मी लाँचवर घेणार नाही," आमचे मॅनेजर म्हणाले.

त्यांच्या हातात एक इंग्रजी पत्र होतं. टेबलासमोर धर्मा नाखवा टोपी काढून उभे होते. त्यांच्यामागे त्यांची बायको जानकीबाय, काखेत कपड्यांचं गाठोडं. लाँच सुटायला अर्धा तास होता आणि मला ऑफिसात बोलावलं होतं ते इंजिनाबद्दल विचारायला, असं शिपाई म्हणाला होता.

ही साठच्या दशकातली गोष्ट. मी रेवस ते भाऊचा धक्का जाणाऱ्या पॅसेंजर लाँचवर इंजिन ड्रायव्हर होतो. ड्रायव्हर म्हटलं की लोकांना वाटतं, मी बोट चालवायचो. बोट वरून सारंग चालवतो. ड्रायव्हर खाली इंजिनाशी, तेलात आणि घामात. वरून घंटी वाजली की तिच्या ठोक्यांप्रमाणे इंजिन पुढे, मागे किंवा बंद करायचं. तीस वर्षं मी समुद्रावर काढली आणि समुद्र पाहिला तो जेवायच्या सुट्टीत.

नाखवा विलायती मालबोटीवर तेलवाले, म्हणजे इंजिनाला तेल घालणारे खलाशी होते. तिकडच्याच एका बंदरात ते चक्कर येऊन पडले. हृदयाचे ठोके मध्येच थांबत होते. तिथल्या हॉस्पिटलने त्यांच्या पोटाच्या कातडीखाली बूट-पॉलिशच्या डबीएवढी एक डबी बसवली आणि तिची तार हृदयापर्यंत नेली. त्या डबीत बॅटरी. ती मिनिटाला सत्तर वेळा हृदयाला ढोसणार, तेव्हा ते चालणार. तिला पेसमेकर म्हणतात, हे आज पोरंटोरंही सांगतील. तेव्हा रेवसला तो शब्द नीट वाचता येणारे मी आणि मॅनेजर दोघंच होतो आणि त्यातल्या एकाला तो लाँचवर नको होता.

पत्रात सूचना होत्या. जड उचलू नये. डायनॅमो, मॅग्नेटो आणि ठिणगी उडणाऱ्या यंत्रांपासून लांब राहावं. रोज सकाळी दुसऱ्या कुणीतरी नाडी मोजावी. ती पासष्टच्या खाली आली तर बॅटरी संपत आली असं समजून लगेच मोठ्या हॉस्पिटलात जावं.

नाखवा बोटीनेच परत आले होते. वाटेत बोटीचा डॉक्टर रोज नाडी मोजून वहीत लिहायचा. पानंच्या पानं सत्तर, सत्तर, सत्तर. म्हाताऱ्याने अख्खा समुद्र ओलांडला, ठोका चुकला नाही. घरी आल्यावर पहिल्या सकाळी जानकीबायने मोजली, तर चौसष्ट. दुसऱ्या सकाळी चौसष्ट. तिसऱ्या सकाळी पुन्हा चौसष्ट, आणि त्यांनी गाठोडं बांधलं.

"एस्टीने जा ना," मॅनेजर म्हणाले. पेण, पनवेल करत मुंबईला पोचायला तेव्हा अर्धा दिवस जायचा, आणि रस्ता असा की चांगल्या माणसाचे ठोके चुकतील. हे मी म्हणायच्या आत जानकीबायच बोलली.

"सायेब, दवाखान्यात जाताना मेला तर मेला. घरात बसवून न्हाय मारायचा मना."

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागले. माणूस वाईट नव्हता. बोटीवर कुणी दगावलं की पंचनामा, जबाब आणि मुंबई ऑफिसचे सवाल, हे सगळं त्याच्या डोक्यावर यायचं. मी म्हटलं, इंजिन डिझेलचं आहे, त्यात ठिणगी नसते. राहिला डायनॅमो. डायनॅमो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. त्याचा पट्टा उतरवला की तो नुसता लोखंडाचा गोळा. दिवसाची ट्रिप आहे, दिवे लागणार नाहीत.

"आणि मध्ये इंजिन बंद पडलं तर?"

"नाही पडणार," मी म्हटलं. हे वाक्य मी नोकरीत फार वेळा उच्चारलं आणि दर वेळी पस्तावलो. आमची बॅटरी म्हातारी होती. सकाळी एकदा स्टार्ट दिला की दिवसभर डायनॅमोने तिला पाजत राहावं लागे. पट्टा काढला तर दुसरा स्टार्ट मिळेलच याची खात्री नव्हती. मॅनेजरना हे माहीत नव्हतं. मीही सांगायला गेलो नाही. त्यांनी होकार दिला आणि मी पट्टा उतरवला.

आजारी माणसाला इंजिनाच्या झाकणाजवळ बसवायची आमच्याकडे पद्धत. बोट मधोमध कमी हलते आणि ऊबही मिळते. बाळंतिणी, तापकरी, सगळे तिथेच. खलाशांनी नाखवांना सवयीने नेमकं तिथेच नेलं. मी धावत जाऊन त्यांना उठवलं आणि जरा पुढे बाकावर बसवलं. बाकीच्या पॅसेंजरांना वाटलं, मी आजाऱ्याची जागा हिसकावली. एका बाईने मला चांगलंच सुनावलं.

करंजाच्या समोर आलो आणि बोटीच्या तळाच्या पंख्यात मासेमारीचं जाळं गेलं. कुणाचं तरी तुटून वाहत आलेलं. इंजिन घुसमटायला लागलं, वरून थांबण्याची घंटी आली. दुसरा इलाज नव्हता. बंद केलं. एक खलाशी सुरा घेऊन पाण्यात उतरला.

मी घाम पुसत वर आलो तो भीतीने अर्धा झालेलो. आता स्टार्ट मिळाला नाही तर या माणसाला मी भर समुद्रात अडकवून ठेवलाय, तेही स्वतःच्या हुशारीने.

जानकीबाय नवऱ्याचं मनगट धरून बसली होती. नाखवांची नजर घड्याळाच्या काट्यावर. इंजिन बंद, त्यामुळे तिचं पुटपुटणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"...आठ, नव, धा, ह्यो वरचा. एक, दोन, तीन..."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. दर दहांनंतर 'ह्यो वरचा' आणि पुन्हा एकपासून. दहा झाले की दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर एक पेर पुढे सरकायचा. मिनिट झालं. नाखवा म्हणाले, "थांब." तिने अंगठा कुठल्या पेरावर आहे ते बघितलं.

"चौसष्ट."

"वैनी, हा वरचा म्हणजे काय?"

वेड्याकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. जन्मभर तिने बाजारात मासळी विकली होती. दहा बांगडे मोजले की अकरावा गिऱ्हाइकाला वर घालायचा. तो मोजायचा नाही. हात तसाच वळला होता. चाळीस वर्षांच्या संसारात नाखवांच्या कानांनाही त्यात काही खटकलं नव्हतं.

"तो वरचा धरला का तुम्ही?"

"वरचा कोन धरतं?"

मी नाखवांचं घड्याळ घेतलं, मनगट धरलं आणि एकपासून सरळ मोजलं. इंजिनाचे फेरे मोजण्यात माझी उमर गेली होती. सत्तर. पुन्हा मोजलं, सत्तर. मग तिला हिशेब सांगितला. सहा दहा आणि चार, हे तुमचे चौसष्ट. सहा दहांवरचे सहा तुम्ही फुकट वाटलेत.

नाखवा हसायला लागले. ती हसली नाही. पदर तोंडाला लावून रडली. तीन दिवस तिच्या डोळ्याला पाण्याचा टिपूस नव्हता, असं नाखवा नंतर म्हणाले.

जाळं निघालं. स्टार्टर एकदा कण्हला आणि गप्प झाला. मग हँडल घालून मी आणि दोन खलाशी इंजिन फिरवायला लागलो. नाखवा जुने तेलवाले, मदतीला उठले. जानकीबायने त्यांना सदऱ्याला धरून खाली बसवलं. पाचव्या झटक्याला इंजिन लागलं.

एवढं आलोच आहोत तर दाखवून घ्या म्हणून मी त्यांना हॉस्पिटलात धाडलं. तिथल्या डॉक्टरने सत्तरच मोजली. जानकीबायला नीट मोजायला शिकवायचा त्याने प्रयत्न केला आणि सोडून दिला. पत्राखाली लिहिलं, पत्नीच्या मोजणीने चौसष्ट बरोबर. साठच्या खाली आल्यास तात्काळ आणावे. डायनॅमोचं विचारायला मी सांगितलं होतं, त्यावर तो म्हणाला की माणूस डायनॅमोवर ओणवा झाला नाही म्हणजे झालं. म्हणजे ते पट्ट्याचं नाटक मी उगाच केलं होतं. मॅनेजरना मी हेही सांगितलं नाही.

पुढे दीड-दोन वर्षं ती दोघं कधी बाजाराला, कधी लेकीकडे आमच्याच लाँचने जायची. मी लाँचवरून विचारायचो, किती? ती म्हणायची, चौसष्ट. एका सकाळी जेट्टीवर गाठोडं दिसलं आणि मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "एकोनसाठ."

तिच्या एकोणसाठांवर पाच वरचे, म्हणजे चौसष्ट. या खेपेला खरे. मी मॅनेजरकडे गेलोच नाही. सारंगाला सांगितलं, वाटेतलं मोरा बंदर घ्यायचं नाही, सरळ धक्का. मोऱ्याचे पॅसेंजर बोंबलले.

हॉस्पिटलात त्याच दिवशी घेतलं आणि डबी बदलली. डॉक्टर म्हणाला, आणखी आठवडा घालवला असता तर बदलण्यासारखं काही राहिलं नसतं. नाखवा त्यानंतर बरीच वर्षं जगले.

मोजणी चुकीची असली तरी चालते, रोज तीच चूक करणारं माणूस घरात पाहिजे. मोऱ्याच्या पॅसेंजरांनी मात्र माझी लेखी तक्रार केली, आणि ती माझ्या सर्व्हिस बुकात शेवटपर्यंत राहिली.