उलटा लिहिलेला शब्द

फोर्कलिफ्ट दुरुस्तीत सत्तावीस वर्षं हात ग्रीसने माखून घेतल्यावर काकांची बदली चाचणी विभागात झाली. गोदामात आपोआप फिरणाऱ्या गाड्या तपासायच्या आणि अहवाल इंग्रजीत लिहायचा. तपासणं त्यांच्या डाव्या हातचा मळ. लिहिण्याने मात्र नाकी नऊ आले. शेवटी सुनेने शिकवणी सुरू केली. रोज चहाबरोबर दहा शब्द.

सोमवारी सकाळी तिने विचारलं, "बाबा, फॉल्स पॉझिटिव्ह?"

"सोपं आहे. माणूस समोर असतो, पण गाडीला दिसतच नाही."

"उलट! कोणी नसताना गाडीला कोणीतरी दिसतं, ते फॉल्स पॉझिटिव्ह. तुम्ही सांगताय ते फॉल्स निगेटिव्ह."

काकांचा कप बशीवर खणकन वाजला. शुक्रवारी चाचणीच्या वेळी एक हमाल मध्येच येऊन चिठ्ठी उचलायला उकिडवा बसला आणि गाडी सरळ त्याच्या अंगावर गेली. काकांनी लाल बटण दाबलं म्हणून तो वाचला. आणि अहवालाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, फॉल्स पॉझिटिव्ह.

आज दहाला गाडी पहिल्यांदाच कामगारांमध्ये सोडणार होते. अहवाल ज्यांच्याकडे जायचा त्या इंजिनिअरबाई फोन उचलेनात. काकांनी एकाच पायात मोजा घातला, तसेच निघाले.

"बाबा, निदान खाऊन तरी जा!"

"वेळ नाही गं!"

बस चौकात अडकली. पाच मिनिटं त्यांनी कशीबशी काढली, मग उतरून चालू लागले, चालता चालता धावू लागले.

गोदामात इंजिनिअरबाई हसून म्हणाल्या, "काका, तुमच्या अहवालावरूनच सुधारणा केली. गाडी उगाच थांबते म्हणालात, म्हणून सेन्सर जरा मंद केला."

काका धापा टाकत म्हणाले, "बाई, ती उगाच थांबत नाही. ती थांबतच नाही! मी शब्द उलटा लिहिला."

पिवळ्या पट्टीपलीकडे अकरा कामगार उभे होते. मॅनेजर घड्याळाकडे बघत होते. काकांचे कान तापले, पण ते हटले नाहीत. त्यांनी एक बादली पालथी घातली, तिच्यावर आपला कोट पांघरला आणि गाडीच्या वाटेत ठेवली.

"आता सोडा."

गाडी आली. वेग जराही कमी झाला नाही. बादली भिंतीपर्यंत गडगडत गेली.

नंतर मॅनेजर कडाडले, "लिहिण्याआधी विचारायचं ना!"

"त्यांनी विचारायचं कुणाला?" इंजिनिअरबाई म्हणाल्या. "फॉर्मवर अर्थ आपणच छापायला हवा होता."

चाचणी तीन आठवडे पुढे गेली. काकांनी नवा अहवाल लिहिला, तोही इंग्रजीतच: माणूस होता. गाडीला दिसला नाही. मी बटण दाबलं. बाईंनी त्यातलं एक अक्षरही बदललं नाही.

पण काकांना चैन पडेना. त्यांनी आपले जुने एक्केचाळीस अहवाल मागवून घेतले आणि जेवणाच्या सुट्टीतही न उठता एकेक रकाना बोटाने वाचत बसले. नवव्या अहवालात तोच शब्द निघाला. त्यांनी लगेच बाईंना हाक मारली आणि पुढचा अहवाल उघडला.