अर्धी भरलेली कुपी

"हात कधीपासून थरथरतोय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"झाले असतील दोन महिने," फादर सायमन म्हणाले.

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. अठरा वर्षांत फादरांचा शब्द मी कधी खोडला नव्हता. चर्चच्या छपराचे पत्रे ते सांगतील त्या उतारानं बसवले आणि गळले तेव्हाही गप्प राहिलो. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "दीड वर्ष झालं, मॅडम."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी खोडलं आणि दीड वर्ष लिहिलं.

मग त्यांनी फादरांना अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावली. डावा हात जमवत होता, उजवा चार वेळा आपटून अडकायचा. कोपर धरून हात हलवून पाहिला. व्हरांड्यात चालायला लावलं. जाताना ठीक होतं, पण वळताना त्यांनी सात-आठ बारीक पावलं टाकली. शेवटी गावाचं नाव ओळभर पुन्हा पुन्हा लिहायला सांगितलं. फादरांनी "वैशाखरे" लिहायला घेतलं. पहिलं अक्षर बोराएवढं होतं आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत तिळाएवढं झालं.

"पार्किन्सन्स," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. शरीर सहज हलावं म्हणून ते लागतं. ते तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात. एमआरआय करून घेऊ, तो दुसरं काही नाही ना हे बघायला. आजार कळतो तो असा, माणसाकडे बघून." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "दीड वर्ष बघत होतात, तर आणलं का नाही?"

याचं उत्तर मला तिथे देता आलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे. ज्यांच्या घरात, देवळात, मठात कोणी मोठं माणूस आहे आणि ज्याच्याकडे बघायचीही भीड वाटते, त्यांनी हे वाचावं.

मी अंतोन. एसटीत कंडक्टर होतो, मुरबाड ते कल्याण आणि वर माळशेजपर्यंत. निवृत्त झाल्यावर आमच्या वाडीच्या चर्चमध्ये मिस्साची, म्हणजे रविवारच्या उपासनेची, तयारी बघायला लागलो. वेदीवरचं कापड, मेणबत्त्या, धूप, फादरांचे झगे आणि दोन छोट्या कुप्या. एकीत पाणी, दुसरीत द्राक्षारस. मिस्सात फादर तो रस चषकात ओततात आणि दोन्ही हातांनी चषक वर उचलतात. आमच्यासाठी तो रस मग रस राहत नाही, प्रभूचं रक्त होतो.

तो चषक धरताना त्यांचे हात थरथरायला लागले. आधी नाही, वर धरून दोन-चार क्षण झाले की. माझ्यामागे बसलेल्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. वाडीत बोललं जायचं की फादरांची भक्ती आता इतकी वाढली आहे की प्रभू हातात आला की त्यांना सहन होत नाही. मलाही ते खरं वाटलं. खरं वाटून घ्यायचं होतं म्हणा. कारण मेणबत्त्या विझवून झाल्यावर ते खुर्चीत नुसते बसलेले असायचे, तेव्हाही त्यांचा उजवा अंगठा गोळ्या वळल्यासारखा हलत असायचा. तिथे कसली आली भक्ती.

दुसरंही दिसत होतं. नाताळाला त्यांनी धूपदाणीत इतका धूप घातला की अर्धं चर्च खोकत बाहेर आलं. ते म्हणाले, "अंतोन, धूप जुना आहे का रे? वास येत नाही." मी दुसऱ्या रविवारी नवा धूप आणला. वास जाणं हे या आजाराचं अगदी लवकरचं लक्षण असतं, हे मला डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्यांचा चेहराही हलेनासा झाला होता. हसणं, भुवई उचलणं, सगळं बंद. बायकांना वाटलं फादर रागावलेत. त्या महिन्यात पापनिवेदनाला रांग लागली. माझी बायको मार्था तर दोनदा जाऊन आली, आणि काय सांगितलं ते अजून मला सांगत नाही.

आणि मी काय केलं? कुपी अर्धी भरायला लागलो. रस कमी असला की चषक हिंदकळला तरी सांडायचा नाही. मग रुंद बुडाचा जड चषक कपाटातून काढून घासून ठेवला. वेदीच्या पायरीवर सतरंजी अंथरली. फादरांना ओशाळं वाटू नये, लोकांना कळू नये, एवढाच विचार. त्याला मी आदर समजत होतो. फादरही कुपी बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

एका रविवारी अर्धी कुपीही पुरली नाही. चषक उचलताना झोका गेला आणि वेदीवरचं पांढरं कापड लाल झालं. फादर थेंब पुसायला गुडघ्यावर बसले आणि त्यांना उठता येईना. अठरा वर्षांत मी त्यांच्या अंगाला कधी हात लावला नव्हता. काखेत हात घालून त्यांना उठवलं तेव्हा कळलं, अंग लाकडासारखं ताठ आहे. मिस्सा संपल्यावर ते कापड मी तीन पाण्यांतून काढलं आणि रीतीप्रमाणे ते पाणी चर्चच्या मागे मातीत ओतलं. ओतताना मला रडू आलं. तिसऱ्या दिवशी आम्ही कल्याणच्या गाडीत होतो.

एमआरआयला दोन तास थांबावं लागलं. फादर भिंतीकडे बघत म्हणाले, "तू खरं बोललास ते बरं केलंस. मला जमलं नसतं." परतीच्या एसटीत मात्र वेगळंच म्हणाले. "लोकांना सांगू नकोस. बिशपांच्या कानावर गेलं तर मला म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या आश्रमात बोलावतील. मला इथंच मिस्सा करायची आहे." मी मान डोलावली. दुसरं काय करणार.

औषधाचं सांगतो, कारण त्यातही आम्ही चूक केली. गोळीचं नाव लेव्होडोपा. पोटात गेली की मेंदूत तिचं डोपामिन होतं. दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी, जेवणाआधी अर्धा तास. पंधरा दिवस झाले तरी फरक दिसेना. पुन्हा कल्याण. डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" फादर म्हणाले, "अंड्यांबरोबर." त्या वैतागल्या. अंडी, मटण, डाळ यांच्याबरोबर गोळी नीट शोषली जात नाही. आता वाडीतल्या बायका फादर वाळले म्हणून रोज सकाळी उकडलेली गावठी अंडी पोचवत होत्या आणि फादर कोणाचं मन मोडत नव्हते. अंडी दुपारवर ढकलली, तशी आठवड्यात पावलं मोकळी झाली, अंगठाही बराचसा थांबला. "आजार जाणार नाही, आवरता येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण घरातल्यांना सगळं माहीत पाहिजे. लपवून हा आजार सांभाळता येत नाही."

रोज अंडी का येतात, हे फादरांनी कधी विचारलं नाही. वाडीला सगळं कळलेलं होतं. मार्था एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी दोघं आमाला येडं समजता का? कापड लाल झालं ते काय आमी बघितलं नाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"फादरांना कसं बोलायचं? तुमी तरी बोललाव का?"

बायकांनी नोव्हेना सुरू केली होती, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आमच्या ओटीवर. कोणत्या संताकडे करायची यावरून दोन दिवस वाद झाला. मार्थाचं म्हणणं संत अंतोनी, कारण हरवलेलं तो मिळवून देतो आणि फादरांची ताकद हरवली आहे. एका म्हातारीनं संत जोसेफ सुचवला, तर सगळ्या तिच्यावर धावून गेल्या, कारण त्याच्याकडे चांगलं मरण मागतात. शेवटी अंतोनी ठरला.

शेजारचा काशिनाथ आमचा जुना मित्र, घरात विठोबा मानणारा. तो एकदा म्हणाला, "अंतोन, तुमी लोकं देव एकच मानता ना? मग ह्या संतांकडे कशाला मागता?"

हाच प्रश्न मी फादरांना पूर्वी विचारला होता. तेव्हा ते म्हणाले होते, "गाडी थांबवायची तर प्रवासी कोणाला सांगतो? तुला. तू घंटीची दोरी ओढतोस. ब्रेक मारणारा वेगळा. संत म्हणजे आपल्यासाठी दोरी ओढणारे. आणि ती फक्त स्वर्गातल्यांनीच ओढायची असं नाही, इथंही माणसानं माणसासाठी ओढायची." मी काशिनाथला तेच सांगितलं. तो म्हणाला, "हां, मग मी पण बसतो." आणि रोज ओटीच्या कडेला येऊन बसायला लागला.

नवव्या दिवशी, उन्हं उतरताना, जपमाळ अर्ध्यावर आली होती. अंगणात पाय घासत चालल्याचा आवाज आला. फादर काठी टेकत आले होते. बायकांनी जपमाळा पदराखाली घातल्या.

"कोणासाठी चाललंय?" फादरांनी विचारलं.

मार्था गडबडली आणि म्हणाली, "काशिनाथच्या म्हशीसाठी, फादर. आजारी हाय."

काशिनाथ साधा माणूस. तो म्हणाला, "नाय हो. माजी म्हस चांगली हाय. दोन्ही टाइम दूध देते."

आधी मला कळलंच नाही की फादर हसतायत. चेहरा तसाच होता, खांदे हलत होते. मी त्यांना ओटीवर बसवलं. हसू थांबल्यावर त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग हळू आवाजात म्हणाले, आवाजही आता बारीक झालाय त्यांचा, "एकमेकांसाठी प्रार्थना मागा, हे मी तुम्हाला अठरा वर्षं सांगितलं. माझ्यासाठी मागा, असं एकदाही म्हणालो नाही. ते माझं चुकलं. मला पार्किन्सन्स झालाय. बरा होणार नाही. मला तुम्हाला सोडून जायचं नाही आणि मला भीती वाटते."

मार्था रडायला लागली. काशिनाथनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. फादर म्हणाले, "राहिलेली जपमाळ करा आता, मीही बसतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिशपांना स्वतःच पत्र लिहिलं. तिळाएवढी अक्षरं, मी भिंग लावून पत्ता वाचला आणि पाकिटावर घातला. तीन आठवडे उत्तर नव्हतं. मी एसटीत तीस वर्षं गाड्यांची वाट पाहिलेला माणूस, पण असे तीन आठवडे मी काढले नव्हते. उत्तर आलं ते असं: वर्षभर इथंच राहा, मग पुन्हा बघू. रविवारी शहापूरहून एक फादर येऊन मिस्सा करतील, तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. चषक आता शहापूरचे फादर उचलतात. मी कुपी पूर्ण भरतो.

आमच्याकडे मिस्सात आजाऱ्यांची नावं वाचतात. ते काम माझं. यादी चर्चच्या दारातल्या वहीत असते. कोणाचा गुडघा, कोणाची किडनी. एकेक नाव वाचलं की सगळे म्हणतात, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." मी ती भराभर वाचायचो, स्टॉपची नावं ओरडल्यासारखी. दीड वर्षात त्या वहीत फादरांचं नाव लिहायची कोणाची छाती झाली नव्हती. धर्मगुरूचं नाव आजाऱ्यांत कसं टाकायचं?

शहापूरचे फादर आले त्या पहिल्याच रविवारी मी वही उघडली. सगळ्यांत खाली एक ओळ होती. इतकी बारीक की मला चष्मा पुसावा लागला. "सायमन." आधी फादर नाही, नंतर काही नाही.

मी वर पाहिलं. ते खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, अंगठा हलत होता. मी नाव वाचलं. सगळ्या चर्चनं एकदम म्हटलं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

फादरही म्हणत होते. पण त्यांचं आता सगळंच सावकाश. आमचं संपलं तेव्हा ते "हे प्रभो"वरच होते. कोणी हललं नाही. त्यांचं "ऐक" होईपर्यंत आम्ही थांबलो.

तेव्हापासून दर रविवारी थांबतो. त्यांचं होऊ देतो आणि मगच मी पुढचं नाव वाचतो.