हळद-कुंकू लागलेला सेनापती

भिजलेल्या कागदाला आणि वाटलेल्या मेथ्यांना मिळून एक कडसर, ओलसर वास येतो, आणि तो वास कुठेही आला की माझ्या मनात आधी करीमचाचा येतात आणि त्यांच्या पाठोपाठ माझा राग येतो. इतक्या वर्षांत चाचांचा चेहरा पुसट झाला, पण रागाची धार तेवढीच राहिली. मी मुळात क्षमाशील नाही, आणि तसं भासवण्याचा प्रयत्नही मी फारसा केलेला नाही.

धामणगाव बढे हे आमचं गाव. पिकं घरात आली, हवेत कापसाचे तंतू तरंगू लागले, दुपारचं ऊन पिवळं आणि मऊ झालं की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात सिनेमाचा तंबू पडायचा आणि थंडी सरेपर्यंत मुक्कामाला असायचा. त्या तंबूचे फलक करीमचाचा रंगवायचे. दुपारी तंबूच्या सावलीत बसून ते फाटलेल्या तिकिटांचा लगदा करत, त्यात मेथ्या वाटून घालत आणि त्या लगद्यातून चालू चित्रपटातली पात्रं घडवत. वीतभर उंचीची, रंगवलेली, खांद्यात तार बसवलेली, म्हणजे पाठीमागचा दोरा ओढला की राजाचा हात तलवारीसकट वर जायचा. रद्दी आणून देणाऱ्याला चाचा एक पात्र देत. माझे वडील जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे जुन्या कागदांची मला ददात नव्हती. पाहता पाहता आमच्या खोलीतल्या देवळीत नऊ पात्रं उभी राहिली. त्यातला एक मुखवटेवाला तर मी वर्तमानपत्रातल्या चित्रकथेचं कात्रण दाखवून मुद्दाम करवून घेतला होता.

मला नायक आवडत नसत. नऊपैकी सहा खलनायक होते, आणि त्याचं चाचांना मोठं नवल वाटे.

"हीरो सब मांगते, बेटा. तुले बदमाशच काऊन पायजे?"

"हीरोले सारे सांभायतेत, चाचा. बदमाशाले कोनी ठेवत नाही."

चाचा हसले, आणि त्या हंगामाच्या अखेरीस त्यांनी मला सेनापती दिला. काळा झगा, डाव्या डोळ्यावर पट्टी, गालावर विटकरी रंगाचा व्रण, आणि ओठांच्या कडेला असं एक हसू की त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याची कीवच यावी. त्याचा हात इतरांपेक्षा हळू वर जायचा, विचार करून. तसा सेनापती चाचांनी एकच केला. नंतर तंबू खानदेशाकडे गेला, चाचाही गेले आणि परत आले नाहीत. माझ्या मालकीचं, मी स्वतः मिळवलेलं असं त्या घरात जे काही होतं, त्यात तो सर्वांत वरचा होता.

पुढे भाद्रपद आला. आकाश धुऊन निघालं होतं, ज्वारी कमरेएवढी झाली होती, आणि मी आठ दिवस मामाकडे सोनाळ्याला गेले होते. परत आले तो दिवस भुलाबाई बसल्यानंतरचा तिसरा. आमच्याकडे पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजीच्या, म्हणजे पार्वती-शंकराच्या, मातीच्या मूर्ती बसतात, महिनाभर मुली संध्याकाळी त्यांच्यापुढे गाणी म्हणतात, झाकून आणलेली खिरापत ओळखतात, आणि कोजागरीनंतर मूर्ती पाण्यात सोडतात. गावातली मोठी भुलाबाई पाटलांच्या घरी, शकूकडे बसायची. शकू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि गावातल्या सगळ्या मुलींची आपोआप पुढारी. मी घरी येऊन देवळीत पाहिलं तर आठच पात्रं होती. हातपाय न धुता मी पाटलांकडे धावले.

सेनापती भुलाबाईशेजारी पाटावर बसवलेला होता. कुंभाराकडून आणताना शकूच्या हातून भुलोजी फुटला होता, आणि ही बया सरळ आमच्या घरात शिरून माझा सेनापती घेऊन गेली होती. त्याच्या पट्टीवर काजळानं दुसरा डोळा काढला होता. तलवार काढून हातात खराट्याच्या काडीचा त्रिशूळ दिला होता. कपाळावर हळद-कुंकू, गळ्यात कापसाची माळ. आणि त्या सगळ्याखालून तो आपलं ते हसू तसंच हसत होता.

मी हात पुढे केला, तेवढ्यात शकूच्या आईनं माझं मनगट धरलं. काकू वाईट नव्हत्या, पण त्यांचा शब्द गावात शेवटचा असायचा.

"हळद-कुंकू लागलं न व माय त्याले. आता तो तुहा नाही रायला. देवाले कोनी माघारी मांगते का?"

माझ्यामागोमाग आलेल्या आईकडे मी पाहिलं, तर आईनं नमस्कार केला. झालं. एखाद्याची वस्तू चोरायची, तिला कुंकू लावायचं आणि वर नमस्कार घ्यायचा, ही युक्ती मला त्या दिवशी प्रथम कळली. पुढचे सगळे दिवस मी माझ्याच सेनापतीपुढे टिपऱ्या वाजवून गाणी म्हटली. गाताना त्याच्या खऱ्या डोळ्याकडे तेवढं पाहायचे. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शकूनं त्याला नदीच्या डोहात सोडलं. कागदच तो. आधी झग्याचा काळा रंग पाण्यात पसरला, मग खांद्याची तार उघडी पडली, आणि मेथ्यांचा तो वास एकदाच वर आला. मी रडले नाही. मी शकूकडे पाहत होते.

सूड ही शांतपणे करायची गोष्ट आहे, हे मला कुणी शिकवलं नाही, ते माझ्यात होतंच. वर्षभर मी शकूशी गोड बोलले. तिच्या वेण्या घातल्या, तिच्या वाटणीचा गृहपाठ केला. शकूकडे मुंबईच्या मामानं आणलेली एक बाहुली होती, आडवी केली की डोळे मिटणारी, गोरीपान. ती एरवी काचेच्या कपाटात असे आणि सणावारी चौरंगावर बसून आमचे खेळ पाहत असे. पुढच्या भाद्रपदात पौर्णिमेला कुंभाराची टोपली पाटलांच्या दाराशी आली आणि साऱ्या मुली ती पाहायला ओसरीवर धावल्या. पूजेचं तबक माझ्या हातात होतं. मी बाहुली उचलली, पाटावर बसवली, तिच्या गुळगुळीत कपाळावर ठसठशीत हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि मोठ्यानं पहिलं गाणं सुरू केलं. गाणं कानावर पडलं की मुलींच्या टिपऱ्या आपसूक वाजायच्या. तशा त्या वाजल्या. दारातून काकू शेजारणींसह आल्या आणि थबकल्या.

"काकू, हळद-कुंकू लागलं हो तिले," मी अत्यंत भोळ्या चेहऱ्यानं म्हणाले. "आता कसं करा?"

चार बायकांसमोर काकूंना आपलाच शब्द गिळता येईना. त्या वर्षी बाहुली भुलाबाई झाली. कोजागरीनंतर शकूनं तिला डोहात सोडलं, तेव्हा ती बुडाली नाही. अर्धवट उघड्या डोळ्यांनी प्रवाहाबरोबर बरंच लांबपर्यंत दिसत राहिली. शकू ढसाढसा रडत होती. मी घरी जाऊन पोटभर जेवले. हे लिहिताना मला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

बावीस वर्षांनी मी चिखलीला, शकूच्या सासरी गेले. माझा संग्रह तोवर दोन कपाटं भरून वाहत होता. पत्र्याचे, लाकडी, प्लास्टिकचे शूर आणि दुष्ट पुरुष मी गावोगावच्या बाजारांतून गोळा करत होते. शकूच्या नवऱ्याच्या दुकानाच्या माळ्यावर न खपलेली सिनेमाची जुनी खेळणी पडून आहेत, असं कळलं होतं. एस.टी.तून उतरून गेले, तर शकूनं मला मिठीच मारली आणि आपल्या दोन्ही मुलींना हाक घातली.

"पोरीहो, हेच ते मंगलमावशी. माह्या बाहुलीले देव करनारी."

दरवर्षी भुलाबाई बसल्या की ती मुलींना ही हकीकत सांगत होती. साऱ्या गावात कुणाच्या खेळण्याला मिळाला नाही तो मान मैत्रिणीनं आपल्या बाहुलीला दिला, आणि निरोप देताना आपल्याला किती भरून आलं होतं. मी ऐकत राहिले, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आयुष्यातला एकुलता एक पूर्णत्वाला गेलेला सूड या बाईनं मैत्री म्हणून जपून ठेवला होता.

मुली आत गेल्यावर मी तिला सांगून टाकलं. तो मान नव्हता, सेनापतीचा सूड होता. वर्षभर ठरवून घेतलेला. शकूच्या हातातली बशी तशीच राहिली, चेहरा उतरला, डोळ्यांत हळूहळू पाणी आलं. खरं सांगते, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. मग तिनं नाक पुसलं आणि अगदी निर्मळ कुतूहलानं विचारलं,

"पन कोनता सेनापती व?"

तिला तो आठवतच नव्हता. ती खोटं बोलत नव्हती, शकूला खोटं बोलता येत नसे. मी तिला सांगायला लागले, पट्टी, व्रण, काळा झगा, ओठांच्या कडेचं हसू, हळू वर जाणारा हात. दुपारचं ऊन उंबऱ्यावरून आत सरकत होतं, आणि बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की काकू गेल्या, आई गेली, चाचांचा पत्ता नाही, आणि हे सगळं आता जगात फक्त मला ठाऊक आहे. इतर आठ पात्रांपायी मी कुणावर राग धरला नव्हता. त्यांतल्या एकाचाही चेहरा मला नीट सांगता आला नसता.

निघताना शकूनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "लहान होतो व आपुन. माफ केलं न मले?"

मी तिचे हात दाबले, गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं आणि निघाले. पुढे तिची दोन पत्रं आली, दोन्हींत शेवटी तोच प्रश्न होता, आणि दोन्ही वेळा मी तिला मुलींच्या शाळेविषयी लिहिलं.