नातीची टाच आणि ओव्याची पुरचुंडी

देवी ऐकते की नाही, ही शंका मला उभ्या आयुष्यात कधी शिवली नव्हती. ती आली पाथरीच्या एका दवाखान्यात, नुकत्याच जन्मलेल्या नातीच्या पाळण्यापाशी. पोर दूध ओढेना, डोळे उघडेना. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर उतरली असेल, टाचेतून थेंबभर रक्त घेऊन लगेच पाहू. सिस्टरनं टाचेला हात लावला. ऐन पौषातली थंडी, टाच गारगोटीसारखी. "ऊब दिली की रक्त नीट येईल. आलेच मी," म्हणत ती आत गेली. थेंबभर रक्त नीट येऊ दे, म्हणून मी हात जोडून आई भवानीला विनवत राहिले. आई मात्र गप्प.

गप्प नव्हत्या त्या आमच्या ईनबाई, म्हणजे लेकीच्या वालूरच्या सासूबाई. "ऊबच द्यायची नव्हं? आमी चार लेकरं शेकून वाढवलीत!" असं म्हणून त्या तरातरा फाटकाबाहेर गेल्या. बाळाचं पोट शेकायची ओव्याची पुरचुंडी आमच्याकडे बाळंतिणीच्या पिशवीत असतेच. ती भज्याच्या गाड्यावरच्या तव्यावर तापवून, पदराच्या घडीत धरून त्या परतल्या.

"धरा ईनबाई, लावा टाचेला. लय गार पडलीय पोरगी."

मी पुरचुंडी वरच्या गाठीला धरली. आता माझी एक खोड सांगते. देवीचं नाव घेऊन कपाळाला लावल्याशिवाय मी कुठलीच वस्तू वापरत नाही. लेक म्हणते, "आई टीव्हीचा रिमोटसुद्धा कपाळाला लावते!" त्याच सवयीनं डोळे मिटले, "आई भवानी" म्हटलं आणि पुरचुंडी कपाळाला टेकवली.

चर्र झालं! मी अशी किंचाळले की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. पुरचुंडी जमिनीवर, मी भिंतीला टेकलेली, आणि नजर त्या टाचेवर. बोराएवढी टाच, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी. माझ्या निबर कपाळाला फोड आला, मग तिथं काय झालं असतं?

"माय माझे! काय करायले होते मी!" म्हणत ईनबाईंनी पुरचुंडी पदरानं उचलून लांब ठेवली.

सिस्टर परतली. तिच्या हातात कोमट पाण्यातून पिळलेलं फडकं होतं. ते तिनं आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरलं, मग माझ्या. "पोळतं का, आजी?" नाही, नुसतं कोमट होतं. तेवढंच टाचेला गुंडाळून ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग टाच पुसून, कडेला टोचलं. थेंब टपोरा आला, आणि नातीनं असा टाहो फोडला की मला आरती ऐकल्यासारखं झालं. साखर खरंच उतरली होती. लगेच ग्लुकोजचं सलाईन लावलं.

मी रक्ताचा थेंब मागत होते. आईनं त्याआधी माझाच हात धरला. ती गप्प नव्हती, मीच बोलायची थांबत नव्हते. आता मागताना एवढंच म्हणते, तुला हवं ते कर, फक्त माझ्या घाईला आवर घाल. आणि ती घालते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या संध्याकाळी नात दूध ओढू लागली, तेव्हा तिच्या दोन्ही आज्या चक्क हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि दोघींपैकी एकीनंही काही सुचवलं नाही.